खुलासा : ईसॉपचा खर्च आणि आयपीओ

दारव्हा-दिग्रसकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपमधल्या आपल्या पोरांना मिळालेले ईसॉप खर्चात धरावे लागतात. तेवढी रोकड जाते, कंपनी तोट्यात दिसते आणि सेबी आयपीओ अडवते.’ (ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर पुढे घेता येतील असे ऑप्शन; आयपीओ म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री; सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था.)

खर्चात धरावे लागतात, हे खरं. रोकड मात्र जात नाही. समजा, १,००० ऑप्शन दिले, देण्याच्या दिवशी प्रत्येकाचं मूल्य ४०० रुपये आणि ते वापरण्याचा हक्क चार वर्षांनी एकदम मिळणार. मग इंड एएस १०२ या हिशेबाच्या नियमानुसार दरवर्षी १ लाख खर्च पडतो आणि तेवढीच रक्कम भागभांडवलाच्या बाजूला राखीव म्हणून जमा होते. सालदाराला रोख मजुरीऐवजी कापसात वाटा कबूल करावा, तसं हे. खिसा हलका होत नाही, आपला हिस्सा होतो. म्हणूनच ‘ईसॉप वगळून नफा’ असं छापलेलं दिसलं, की जरा सावध असावं.

सेबी अडवते, हे तर साफ चूक. झोमॅटो २०२१ मध्ये तोट्यात असतानाच बाजारात आली. मेसेजमध्ये नसलेली गोष्ट वेगळीच आहे. मुख्य बाजारासाठी तीन वर्षांचा सरासरी १५ कोटी परिचालन (म्हणजे मूळ धंद्यातला) नफा ही एक अट असते. ईसॉपच्या खर्चाने तो आकडा हुकला, तर दुसरी वाट उरते : किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना, आणि किरकोळ गुंतवणूकदारांना किमान ३५ ऐवजी जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे फटका बसलाच, तर तो दारव्ह्यातून अर्ज भरणाऱ्याला.