‘टू’नंतर ‘आयएनजी’ चालतं, बिनधास्त चालतं

सोसायटीच्या ग्रुपपासून दहावीच्या पालकांच्या ग्रुपपर्यंत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: इंग्रजीचे तीन सोनेरी नियम. एक, ‘टू’पुढे क्रियापदाचं मूळ रूपच येतं, ‘आयएनजी’ लावलं की चूक. दोन, ‘टू रीड’ म्हणा नाहीतर ‘रीडिंग’, अर्थ तोच. तीन, पुढे करायचं असेल तर ‘टू’, करून झालं असेल तर ‘आयएनजी’. पाठ करायला सोपे, म्हणूनच पोरं चटकन उचलतात.

पहिल्या नियमाचा फटका नोकरीच्या ईमेलमध्ये बसतो. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहून मोकळे होतात. इथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे, त्याला पुढे नाम लागतं, आणि ‘आयएनजी’वालं रूप नामाचंच काम करतं. खात्री करायची तर क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ जमतं, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ‘वाँट टू युवर रिप्लाय’ जमत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’. ‘यूज्ड टू’ची तर गंमतच आहे. ‘आय यूज्ड टू स्टँड टिल बोरिवली’ म्हणजे पूर्वी बोरिवलीपर्यंत उभा राहायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू स्टँडिंग टिल बोरिवली’ म्हणजे उभं राहायची सवय झालीय. विरार लाइनवाल्यांना दुसरंच जास्त लागणार.

दुसऱ्या नियमाला मराठीच उत्तर देते. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला: पाय थांबले, तोंड सुरू झालं. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ ही घरातून निघणाऱ्याला दिलेली सूचना. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ ही दादर आल्यावर शंका येते तेव्हा स्वतःची घातलेली समजूत. अर्थ एकच कसा? ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्यापुढे मात्र दोन्ही चालतात; नियम लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच पाहिलं. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना ‘आयएनजी’च लागतं, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’ यांना ‘टू’च. हे क्रियापदासोबतच घोकावं लागतं, इलाज नाही. आपल्याकडे हमखास ठेच लागते ती ‘सजेस्ट’ला: ‘ही सजेस्टेड टू गो बाय मेट्रो’ नव्हे, ‘सजेस्टेड गोइंग बाय मेट्रो’.

तिसरा नियम अर्धा खरा आहे. ‘होप’, ‘प्लॅन’ त्यात बसतात, वरचं ‘रिमेंबर’सुद्धा बसतं. पण ‘वी आर कन्सिडरिंग शिफ्टिंग टू डोंबिवली’ घ्या. अजून घरही बघितलेलं नाही, तरी ‘आयएनजी’. उलट ‘आय मॅनेज्ड टू कॅच द फास्ट ट्रेन’मध्ये गाडी पकडून झाली, तरी ‘टू’. फॉरवर्डच्या हिशेबाने हा गडी अजून प्लॅटफॉर्मवरच उभा आहे.