पेरों म्हणे दाविदचा नकलाकार! जरा तारखा बघा की

तो मेसेज परत फिरायला लागलाय, की फ्रान्समध्ये निओक्लासिकल पेंटिंग, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन कलेच्या धर्तीवरचं, झाक-लुई दाविदने एकट्याने उभं केलं, त्याच काळातला चित्रकार पिएर पेरों नुसता त्याच्या मागे मागे, विषयपण त्याचेच उचलायचा, आणि पेंटिंग जमेना म्हणून एचिंग, म्हणजे ॲसिडने पत्र्यावर कोरून छापायची चित्रं, करत बसला.

अरे पण नक्कल कोणी कोणाची केली हे ठरवायचं तर आधी वर्षं तरी बघाल की नाही? 1773, प्री द रोमची स्पर्धा (जिंकणाऱ्या फ्रेंच चित्रकाराला रोमला शिकायला पाठवायचे ती), विषय रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचा मृत्यू, दोघंही उतरलेले आणि जिंकला पेरों. दाविदला ते बक्षीस मिळालं 1774 ला, त्याआधी तो एकदा नाही, बऱ्याचदा हरलाय.

मग बेलिसारियस, तो आंधळा झालेला म्हातारा रोमन सेनापती. पेरोंने तो रंगवला 1779 मध्ये, रोमला असताना, जुन्या शिपायाच्या घरी आसरा मिळतो तो प्रसंग, आणि दाविदचा बेलिसारियस, भीक मागणारा, आला 1781 ला. आता सांगा कोण कोणाच्या मागे? मी चोरी वगैरे म्हणत नाहीये हं, तेव्हा हे विषय सगळेच रंगवायचे.

सॉक्रेटिसचं मात्र मान्य. 1787 च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, सॉक्रेटिसच्या मृत्यूवरची दोघांची चित्रं लागली आणि दाविदचा भारीच आहे, तो वर केलेला हात, विषाचा पेला देताना तोंड फिरवलेला माणूस, त्यापुढे पेरोंचं छोटं कॅनव्हास फिकं पडलं. पण हरला म्हणजे नक्कल केली असं थोडंच होतं, आणि पेरोंचं काम तर राजासाठीची ऑर्डर होती! 1814 मध्ये पेरों गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला खुद्द दाविद म्हणाला म्हणतात, की यानेच माझे डोळे उघडले.

राहिलं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने आरशात दिसतं तसं उलटं चित्र काढायचं, मग ॲसिड, मग शाई, मग प्रेस, हे काय पेंटिंग जमत नाही म्हणून करायचं काम आहे? करून बघा एकदा, आमची पहिली प्लेट ॲसिडने पार खाऊन टाकली होती. आणि गंमत म्हणजे दाविदला हरवणारं ते सेनेकाचं मूळ पेंटिंग आज हरवलंय, ते कसं होतं हे आपल्याला कळतं ते पेरोंने स्वतः केलेल्या एचिंगमुळेच.