दुकान तुमचं, फोन तर माझा ना?

ॲपलचं ‘आमचा प्लॅटफॉर्म, आमचे नियम’ हे ऐकलं की डोकंच फिरतं. लाखभर रुपये मोजून आयफोन घ्यायचा आणि त्यात ॲप कुठून टाकायचं हे ॲपल ठरवणार! म्हणे सुरक्षेसाठी. मग त्यांच्याच मॅक संगणकावर कुठूनही सॉफ्टवेअर उतरवता येतं, ते कसं चालतं हो?

एपिक या गेम कंपनीने २०२० मध्ये ॲपलचं ३० टक्के कमिशन टाळायला आपल्या फोर्टनाइट गेममध्ये स्वतःची पैसे भरायची सोय दिली, तर ॲपलने आपल्या ॲप स्टोअर या दुकानातून गेमच हाकलला. २०२१ मध्ये अमेरिकी कोर्टाने ॲपलला मक्तेदार ठरवलं नाही, मान्य. पण बाहेर पैसे भरायची लिंक तरी दाखवू द्या, असं बजावलं. यांनी काय करावं? लिंक दिली आणि बाहेरच्या व्यवहारावरही २७ टक्के लावले! आधी ३०, मग २७. केवढी ही दया! वर लिंक दाबली की घाबरवणारा पडदाभर इशारा. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी याला कोर्टाचा अवमान म्हटलं.

आणि स्वतःच्या ॲपल म्युझिकला हे कमिशन कोण लावतं? कुणीच नाही. त्याच गाण्यांच्या धंद्यातल्या स्पॉटिफायने ॲपमधून वर्गणी विकायची म्हटलं तर मात्र निमूट भरायचं. ही स्पर्धा म्हणे!