२७६ची साखळीही यायला हवी होती
परिपूर्ण संख्यांवरचा, म्हणजे स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज जिथे पुन्हा तीच संख्या देते अशा संख्यांवरचा लेख आवडला, पण तो ६, २८, ४९६, ८१२८ यांच्यापाशीच थांबला याची चुटपुट लागली. खरी गंमत तर पुढेच आहे. संख्येचे स्वतःला वगळून सगळे विभाजक मिळवा, येईल त्या बेरजेचं पुन्हा तेच करा. ९५ घ्या: १+५+१९ म्हणजे २५, मग १+५ म्हणजे ६, आणि ६ तर परिपूर्णच, गाडी तिथेच थांबते! १२ मात्र १६, १५, ९, ४, ३ असं करत १वर उतरते. २२० आणि २८४ एकमेकींकडे ये-जा करत राहतात. आणि २७६? ३९६, ६९६, ११०४, १८७२... संगणकांनी प्रचंड मोठ्या आकड्यांपर्यंत पाठलाग केला, तरी ही साखळी कुठे संपते का, हे आजही कुणालाच ठाऊक नाही. नुसत्या बेरजेचा खेळ, आणि तरीही! कागद-पेन्सिल घेऊन ३०ने सुरुवात करून बघाच.