त्रास नाही म्हणजे क्लॅमिडिया नाही?

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. 'क्लॅमिडियाचा उगाच बाऊ नको' अशी त्याची सुरुवात आहे. क्लॅमिडिया म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा, जिवाणूमुळे होणारा संसर्ग. त्यातले दावे थोडक्यात असे: हा आजार झाला तर त्रासावरून कळतोच. लघवीचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा. झालाच तर एका गोळीत विषय संपतो. एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही. आणि लग्नानंतर निघाला, तर जोडीदाराने फसवलं हे नक्की. लोकांची भीती कमी व्हावी असंच लिहिणाऱ्याला वाटत असेल. पण हा मजकूर वाचून कुणी तपासणी टाळली, तर त्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून हे उत्तर.

पहिला दावा सगळ्यात घातक आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही, आणि पुरुषांमध्येही लक्षणं नसलेल्यांची संख्या मोठी आहे. लक्षणं दिसलीच तर अंगावरून वेगळ्या प्रकारचा स्राव जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, पुरुषांमध्ये लिंगातून स्राव किंवा वृषणात दुखणं-सुजणं, अशी असतात. गुदद्वारात किंवा घशात संसर्ग असेल तर तो बहुधा गप्पच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडियाचे १२.९ कोटी नवे संसर्ग झाले. एवढ्या सगळ्यांना लगेच त्रास झाला असता, तर हा आजार असा पसरलाच नसता.

आणि त्रास नाही म्हणजे नुकसान नाही, असंही नाही. गर्भाशयाच्या मुखाशी असलेला संसर्ग वर सरकून गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतो. तिथे शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईत नलिकांच्या आतल्या नाजूक अस्तरावर व्रण उरतात. नलिका पूर्ण बंद झाली तर गर्भ राहत नाही. अर्धवट बंद झाली तर गर्भ नलिकेतच रुजू शकतो, आणि ती फुटली तर जीवावर बेततं. प्रत्येकीला असं होतं असं मुळीच नाही, काहींचा संसर्ग तर औषधाशिवायही जातो. पण कुणाचा जाईल आणि कुणाच्या नलिका खराब होतील, हे आधी ओळखता येत नाही. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर, कधी कधी कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आणि कधीच न जाणवलेल्या संसर्गाची खूण सापडते. त्या क्षणी त्या बाईला 'त्रास झाला असता तर कळलं असतं' हे वाक्य कुणी ऐकवू नये.

लघवीच्या रिपोर्टचा दावा तर या जिवाणूचा स्वभावच माहीत नसल्याचं लक्षण आहे. क्लॅमिडिया ट्रकोमॅटिस हा जिवाणू जिवंत पेशीच्या आत शिरूनच वाढतो. १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या शास्त्रज्ञांनी खुपऱ्यांचा (याच जिवाणूमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या आजाराचा) अभ्यास करताना पेशींच्या आत त्याचे पुंजके पाहिले, पण त्यानंतर कित्येक दशकं त्याला विषाणूच समजलं जात होतं, कारण इतर जिवाणूंसारखा तो बाहेरच्या खाद्यावर वाढत नव्हता. नेहमीच्या लघवीच्या कल्चरमध्येही (लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तो याच कारणाने दिसत नाही. त्याच्यासाठी त्याची जनुकीय खूण शोधणारी वेगळी तपासणी मागावी लागते. स्त्रियांसाठी योनीतला स्वॅब चांगला, आणि तो स्वतः घेतला तरी चालतो. पुरुषांनी लघवीची पहिली धार द्यायची, मधली नाही, आणि त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. तोंडाने किंवा गुदद्वारातून संबंध आला असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, म्हणजे स्वॅब योग्य जागेचा घेतला जाईल. अवघड वाटतं, मान्य आहे. पण न सांगितलेल्या जागेची तपासणी होत नाही.

एका गोळीचं बोलायचं तर, अझिथ्रोमायसिनचा एकच डोस अनेक वर्षं दिला जात होता, आणि गरोदरपणात आजही तेच औषध देतात. पण अमेरिकेच्या २०२१ च्या उपचार-मार्गदर्शनात पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला आहे: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. विशेषतः गुदद्वारातल्या संसर्गावर त्याचा गुण जास्त येतो. गरोदर स्त्रीने मात्र ते घेऊ नये. औषध मनाने घेऊ नका, कारण सोबत परमाही (गनोरिया) असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. उपचाराचे सात दिवस संबंध टाळायचे आणि गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांनाही तपासणी-उपचार हवेत. नाहीतर बरा झालेला माणूस त्याच घरातून पुन्हा संसर्ग घेतो.

पुन्हा होत नाही, हे तर सरळ खोटं आहे. टिकणारी प्रतिकारशक्ती येत नाही, लसही अजून नाही. उलट, वारंवार झाला तर नलिकांना धोका वाढतो. म्हणून उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. लगेच करू नका, मेलेल्या जिवाणूंचे अवशेष काही आठवडे रिपोर्टमध्ये उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

फसवणुकीचा दावा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याने संसार मोडतात. आज जिवाणू आहे, एवढंच तपासणी सांगते. तो कधी आला, कुणाकडून आला, दोघांपैकी आधी कुणाला झाला, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. उपचाराविना हा संसर्ग कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ शरीरात राहतो, त्यामुळे तो आत्ताच्या नात्याच्या आधीचाही असू शकतो. नव्या संबंधातून आलेला असू शकतो का? असू शकतो. पण रिपोर्ट त्याचा पुरावा होत नाही. गरोदरपणात किंवा पाळीच्या तक्रारीसाठी बाईची तपासणी आधी होते, संसर्ग आधी तिच्यात सापडतो, आणि आणला तिनेच असं घर ठरवून टाकतं. हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

जोडीदाराला सांगताना 'मला हा संसर्ग निघालाय, कधीचा ते कळत नाही, तूही तपासून घे, आपण दोघं एकदमच औषध घेऊ' इतकं म्हटलं तरी पुरतं. आणि हे बोलल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल, तर घरी बोलण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जोडीदाराला कसं आणि कधी कळवायचं, हे त्यांच्यासोबत बसून ठरवता येतं.