डीबगरची बदनामी आणि खाऱ्या हवेवर फुटणारं खापर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डिप्लोमाच्या मुलांच्या आणि कंट्रोल पॅनल दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या डीबगरबद्दल, म्हणजे चालता प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या साधनाबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘मायक्रोकंट्रोलरचा (यंत्रातल्या छोट्या संगणक-चिपचा) कोड पीसीवर क्रॉस-कंपायलरने (दुसऱ्या जातीच्या चिपसाठी मशीन कोड बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) बनतो, म्हणून तो ओळीओळीने तपासता येत नाही. डीबग माहिती घातली की फ्लॅश (चिपमधली कोड ठेवायची मेमरी) भरते. ऑप्टिमायझेशन (कोड छोटा आणि वेगवान करायचा कंपायलरचा पर्याय) लावलं की डीबगर खोटं दाखवतो. साधनं महाग असतात, त्यापेक्षा प्रिंटएफ (किमती छापून दाखवणारी ओळ) टाका, काम होतं. आणि आपल्याकडचे बिघाड खाऱ्या हवेचे. साइटवर डीबगर काय कामाचा?’ लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण हे वाचून शिकणारी पोरं डीबगरला हात लावायच्या आधीच तो सोडून देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

क्रॉस-कंपायलरचा मुद्दा आधी. प्रोग्रॅम आणि डीबगर एकाच यंत्रावर चालले पाहिजेत, असं कुठेच नाही. कंपायलरला ‘-जी’ दिलं की तो ईएलएफ फाइलमध्ये (तयार कोड आणि त्याच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये) ड्वार्फ नावाच्या ठरलेल्या पद्धतीत नोंद करून ठेवतो: या पत्त्यावरची सूचना कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली, हा व्हेरिएबल मेमरीत किंवा रजिस्टरात कुठे आहे. जीडीबी हा डीबगर ती नोंद लॅपटॉपवर वाचतो. चिपशी बोलायचं काम प्रोब (लॅपटॉप आणि चिप यांच्यामधलं छोटं उपकरण) आणि ओपनओसीडी हा प्रोग्रॅम करतात, आणि जीडीबी ओपनओसीडीला ३३३३ या पोर्टवर जोडला जातो. अट एवढीच, की जीडीबीला समोरचा प्रोसेसर कळायला हवा. पीसीसाठी आलेला साधा जीडीबी सहसा एआरएम जातीचा प्रोसेसर ओळखत नाही. एआरएमच्या टूलचेनसोबत (कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या साधनांसोबत) येणारा किंवा उबुंटूवरचा जीडीबी-मल्टिआर्च वापरायचा.

हा गैरसमज बहुधा कुठून येतो तेही सांगतो. कोड पुण्यात कुणाच्या तरी मशीनवर बिल्ड होतो आणि ईएलएफ कुडाळच्या लॅपटॉपवर उघडली जाते. ड्वार्फमध्ये पुण्याच्या मशीनचा फोल्डर नोंदलेला असतो. जीडीबी तिथेच सोर्स शोधतो, ‘अशी फाइल नाही’ म्हणतो, आणि माणूस समजतो की क्रॉस-कंपाइल केलेला कोड दिसतच नाही. ‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ’ देऊन जुना फोल्डर आणि आपला फोल्डर सांगितला की सोर्स दिसायला लागतो. मात्र सोर्स त्याच बिल्डचा हवा, नाहीतर ओळी पुढेमागे होतात.

फ्लॅश भरण्याचा मुद्दा तर साफ चुकीचा आहे. ६४ किलोबाइट फ्लॅशच्या चिपसाठी बनलेली ईएलएफ एक-दोन मेगाबाइटची दिसली की लोक घाबरतात. पण ड्वार्फचे सेक्शन चिपवर चढतच नाहीत. ‘साइझ’ ही कमांड ‘-जी’सह आणि ‘-जी’शिवाय चालवून बघा, टेक्स्ट (म्हणजे कोड) आणि डेटाचे आकडे तेच येतात. ‘ऑब्जकॉपी’ कमांडने ईएलएफमधून काढलेल्या, चिपवर चढवायच्या बायनरीतही ही माहिती नसते. ‘-जी’ने तयार होणारा मशीन कोड बदलू नये, हा जीसीसी या कंपायलरचा नियमच आहे आणि तो पडताळायला त्यात वेगळा पर्यायही दिलाय. तेव्हा ग्राहकाला द्यायचा बिल्डही बिनधास्त ‘-जी’ लावून करा.

ऑप्टिमायझेशनबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे, निष्कर्ष मात्र चुकलाय. ‘-ओ२’ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर कर्सर ओळींवरून उड्या मारतो आणि काही व्हेरिएबलांपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ येतं. हे खोटं नाही. त्या जागी ती किंमत आता कुठेच ठेवलेली नाही, हे डीबगर सरळ सांगतोय. कंपायलरने ओळींचा क्रम खरोखरच बदललेला असतो. निवांत पावलं टाकत जायचं असेल तर ‘-ओजी’ आहे; जीसीसी ४.८ मध्ये, म्हणजे २०१३ पासून, तो खास डीबगिंगसाठीच दिलेला आहे.

पैशांचं म्हणाल तर जीडीबी आणि ओपनओसीडी फुकट आहेत, साधा प्रोब काही शे रुपयांत मिळतो, आणि एसडब्ल्यूडीला (प्रोब चिपला जोडायच्या पद्धतीला) दोन सिग्नलच्या तारा आणि ग्राउंड लागतो.

प्रिंटएफ मीही वापरतो. तो टाकून द्या असं म्हणणार नाही. पण ‘काम होतं’ हे कुठल्या कामाबद्दल, ते बघायला हवं. सीरियल जोडणीच्या ९६०० बॉड या वेगावर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. चाळीस अक्षरांची एक ओळ पाठवायला सुमारे ४२ मिलिसेकंद लागतात. आता पुलाखाली लावलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. पाणी पाच मीटर खाली असेल तर आवाज जाऊन परत यायला २९ मिलिसेकंद लागतात. तुमचा प्रिंटएफ ओळ पूर्ण जाईपर्यंत पुढचा कोड अडवून बसणारा असेल आणि पल्स सोडल्यावर लगेच असेल, तर ओळ छापून होईपर्यंत प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. जे मोजायचं तेच प्रिंटएफने बिघडवलेलं असतं.

थांबवण्याचे धोके डीबगरलाही आहेत. ब्रेकपॉइंटवर (थांबायला ठरवून दिलेल्या ओळीवर) प्रोसेसर थांबतो, पंप थांबत नाही. म्हणून रिले सोडवल्याशिवाय चालू पॅनलवर ब्रेकपॉइंट लावू नका. वॉचडॉग (कोड अडकला की चिप रीसेट करणारा टायमर) रीसेट मारत असेल तर एसटीएम३२ चिपमध्ये डीबगच्या वेळी तो गोठवायचा बिट आहे, तो लावा.

आता खारी हवा, कारण मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा मुद्दा. गंज चढतो, कनेक्टर हिरवे पडतात, हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. पण त्यामुळे एक सवय जडलीय: बिघाड दिसला की खापर हवेवर फोडायचं आणि बोर्ड बदलायचा. खाडीच्या पुलाखाली पातळी मोजणारं एक युनिट आमच्याकडे आलं ते असंच फिरत फिरत. पातळी अधूनमधून एकदम ४२ सेंटीमीटरने चुकायची. कनेक्टर साफ केला की बरोबर यायची, मग काही दिवसांनी पुन्हा तेच. कोटिंग झालं, बोर्डही बदलून झाला.

४२ हा त्या जागेसाठी भरलेला ऑफसेट, म्हणजे मोजमापातली ठरलेली दुरुस्ती, होता, एका बाइटचा. म्हणजे तो शून्य होत होता. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ या एआरएम प्रोसेसरांमध्ये साधारणपणे चार हार्डवेअर वॉचपॉइंट (मेमरीतल्या ठरवलेल्या जागी काही लिहिलं गेलं की प्रोसेसर थांबवणारे) असतात. त्यातला एक जीडीबीच्या ‘वॉच’ कमांडने त्या ऑफसेटवर लावला आणि युनिट चालू ठेवलं. युनिटच्या सिमवर ऑपरेटरच्या जाहिरातीचे मेसेज आले, काही झालं नाही. मोबाइलवरून पातळी विचारणारा एसएमएस पाठवला आणि प्रोसेसर तिथेच थांबला: पाठवणाऱ्याचा नंबर कॉपी करणाऱ्या लूपमध्ये. नंबरासाठी ॲरे (राखून ठेवलेली जागा) तेरा बाइटचा. ‘+९१’ आणि दहा आकडे मिळून तेरा अक्षरं भरतात, मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य चौदावा. स्ट्रक्चरमध्ये (एकत्र मांडलेल्या माहितीत) चौदावा बाइट ऑफसेटचा होता. कनेक्टर साफ करताना वीज बंद व्हायची आणि चालू झाल्यावर ऑफसेट फ्लॅशमधून नव्याने वाचला जायचा, म्हणून साफसफाईचा गुण आल्यासारखं वाटायचं. प्रिंटएफने ऑफसेट शून्य झाल्याचं कळलं असतं. कुणी केला ते शोधायला पूर्ण कोडभर ओळी पेराव्या लागल्या असत्या.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. अशा ठिकाणी पातळी सांगणाऱ्या यंत्राचा बिघाड ‘हवेमुळे असेल’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

राहिला साइटचा मुद्दा. आषाढात पुलावर लॅपटॉप उघडून कुणी बसणार नाही, कबूल. पण सोर्स-पातळीची तपासणी घरी बसूनही होते. हार्डफॉल्ट (प्रोसेसरला पुढे चालताच येत नाही अशी चूक) झाला की कॉर्टेक्स-एम आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवतो; त्यातलं सातवं, म्हणजे २४ बाइट पुढचं, प्रोग्रॅम काउंटर (कोड कुठे होता तो पत्ता) असतं. फॉल्ट हँडलरने ते आणि त्याच्या आधीचं लिंक रजिस्टर (परत जायचा पत्ता) रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या जागेत ठेवायचं आणि रीसेटनंतरच्या पहिल्या एसएमएसमध्ये बिल्ड क्रमांकासह पाठवायचं. तो पत्ता आणि त्याच बिल्डची ईएलएफ ‘ॲड्रटूलाइन’ या कमांडला दिली की बहुतेक वेळा फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक समोर येतो. त्यासाठी बाहेर गेलेल्या प्रत्येक बिल्डची ईएलएफ, न स्ट्रिप करता (डीबग नोंदी न काढता), त्या क्रमांकाने जपून ठेवा. चिपवर चढवायची हेक्स फाइल एकटी ठेवून भागत नाही.