शाल, नारळ आणि फॉर्म ८२३३

पुण्यातल्या प्राध्यापक मंडळींत एक वाद काही केल्या मिटत नाही: अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर व्याख्यान दिलं तर मानधन घ्यावं का? एक गट म्हणतो, घेतलंत की पुढचा व्हिसा विसरा. दुसऱ्याच्या मते तिकडची विद्यापीठं व्हिसाचं निमित्त करून फुकटात बोलवून घेतात.

१९९८ चा अमेरिकी कायदा दोघांनीही वाचलेला नाही. बी-१ किंवा बी-२, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर, मानधन चालतं, खर्चही मिळतो. एका संस्थेत ९ दिवसांपेक्षा जास्त काम नको, आणि मागच्या ६ महिन्यांत अशा ५ पेक्षा जास्त संस्थांकडून पैसे घेतलेले नकोत. देणारी संस्था विद्यापीठ, त्याला जोडलेली ना-नफा संस्था, किंवा ना-नफा वा सरकारी संशोधनसंस्था हवी. जाता जाता एखाद्या कंपनीत भाषण ठोकलंत, तर तिथे ही सवलत नाही. म्हणून विद्यापीठं सही केलेलं ९-५-६ चं (९ दिवस, ५ संस्था, ६ महिने) निवेदन मागतात, सोबत पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद. आय-९४ उतरल्यावरच निघतो. तो आधी पाठवा म्हणून पुण्याहून भांडण्यात अर्थ नाही.

खरा घोळ करात होतो. मानधनातून ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम १५ खाली, वर्षात ९० दिवसांहून कमी मुक्काम असेल आणि तिथे कायमचं कार्यालय नसेल, तर सूट मिळते. पण त्यासाठी फॉर्म ८२३३, म्हणजे ही सूट मागणारा फॉर्म, पैसे निघण्याआधी जायला हवा आणि त्यावर करक्रमांक हवा. बी-१ वाल्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मग डब्ल्यू-७ हा अर्ज भरून आयटिन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, काढायचा, त्याला विद्यापीठाचं पत्र जोडायचं, आणि यात आठवडे जातात. नंबर नसेल तर ३० टक्के कापले जातात आणि ते पुढच्या वर्षी १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं तिकडचं कर विवरणपत्र, भरून परत मागायचे. विमान-हॉटेलच्या पावत्या नीट दिल्या तर त्या रकमेवर कर नाही. घरबसल्या पुण्यातूनच ऑनलाइन बोललात तर काम अमेरिकेबाहेर झालं. व्हिसाही नको, तिकडचा करही नाही.

हे सगळं तिकीट काढण्याआधी एका ईमेलमध्ये विचारता येतं. पण मानधनाचा आकडा तोंडाने विचारायचा म्हणजे आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकणाऱ्या शहरात वक्त्याने ‘किती देणार?’ विचारणं अजून हलकटपणाच. मी राहतो त्या अमेरिकेत रक्कम निमंत्रणपत्रातच छापलेली असते, आणि मला ते सभ्य वाटतं.

पुण्यात मात्र कायद्याने आम्हीही अनिवासीच. व्याख्यानाच्या मानधनावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस, रक्कम एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईच्या, खात्यात. शाल-नारळाबरोबर पाकीट हातात ठेवताना ‘तुमचं स्टेटस काय?’ असं कोणी विचारत नाही. घरचा माणूस समजतात. आणि त्या क्षणी स्वतःहून फॉर्म मागायला माझी जीभ रेटत नाही.